नोकरी सुटली आहे. पीएफबरोबर पेन्शनचे पैसेही आताच काढावेत का?

वाशिष्ठीकाठ (३ नोव्हेंबर २०२५)

सर्वांना नमस्कार. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यात मी जून २०१६ पासून ऑपरेटर म्हणून कायम नोकरीत होतो. जुलैअखेर आमचा विभाग बंद झाला आणि आम्हा सर्वांकडून राजीनामे लिहून घेण्यात आले. माझे वय ४१ आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून शेवटी १६,००० रुपये होते. त्यानंतर गणपती आणि दिवाळी कशीबशी निभावली, परंतु आता हातातली शिल्लक संपत आली आहे.

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया लांबवता येण्यासारखी नाही. पतसंस्थेचे तीन हप्ते थकले आहेत आणि मुलाच्या पदविकेच्या पुढील सत्राचे शुल्क डिसेंबरमध्ये भरायचे आहे. सगळे मिळून दोन लाखांच्या आसपास लागतील. पासबुकात माझा व कंपनीचा हिस्सा धरून ३ लाख ४० हजार दिसतात, आणि पेन्शनच्या वेगळ्या रकान्यात सव्वा लाखाच्या आसपास रक्कम आहे. चिपळुणात ऑनलाइन अर्ज भरून देणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे की दोन्ही फॉर्म एकदमच भरावेत, कारण पेन्शनच्या रकान्यावर व्याज मिळत नसल्यामुळे ते पैसे तिथे नुसतेच पडून राहतात. या कामासाठी ते मिळणाऱ्या रकमेवर टक्केवारी घेणार आहेत. गेल्या महिन्यात नियम बदलल्याच्या बातम्याही वाचल्या, त्यामुळे गोंधळ वाढला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना हिशेबनीस (३ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. मी एका कारखान्याच्या आस्थापना विभागात पीएफचेच काम पाहत निवृत्त झालो आहे. थेट उत्तर द्यायचे तर पीएफमधून गरजेपुरते पैसे अवश्य काढावेत, मात्र पेन्शनच्या रकान्याला, म्हणजे ते पैसे काढण्याच्या फॉर्म १०-सीला, आपण तूर्त हात लावू नये.

पेन्शनच्या रकान्यावर व्याज दिसत नाही, हे त्या गृहस्थांचे निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. कंपनीच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये जाते, आणि १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे ती महिन्याला १,२५० रुपयांच्या वर जात नाही. ती आपल्या नावावरची ठेव नव्हे. ती सर्वांच्या सामाईक निधीत जमा होते आणि तिच्या बदल्यात आपल्या खात्यावर सेवेची वर्षे जमा होत जातात. पुढे पेन्शन ठरते तीही त्या रकान्यातल्या आकड्यावरून नव्हे, तर सरासरी पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० या सूत्राने. त्यामुळे त्या रकान्यात व्याज शोधण्यात काही हशील नाही.

आता आपली वर्षे मोजू. जून २०१६ ते जुलै २०२५ म्हणजे नऊ वर्षे दोन महिने. आजीवन पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, परंतु सहा महिने किंवा त्याहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जात असल्यामुळे नऊ वर्षे सहा महिने भरले की दहा वर्षे धरली जातात. म्हणजे आपण चार महिन्यांनी कमी आहात. लोट्यातच एखाद्या कंत्राटदाराकडे, किंवा पीएफ लागू असलेल्या दुसऱ्या कोणत्याही आस्थापनेत, याच यूएएनवर (पीएफच्या कायम सभासद क्रमांकावर) चार महिने वर्गणी भरली गेली तरी आपला हक्क पक्का होतो. मग १५,००० रुपये वेतन आणि दहा वर्षे सेवा धरून वयाच्या ५८ व्या वर्षापासून महिन्याला २,१४२ रुपये पेन्शन बसते. आपण आणखी आठ वर्षे नोकरी केलीत तर हीच रक्कम सुमारे ३,८५० होते. हवी असल्यास पन्नाशीनंतरही ती सुरू करता येते, मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी असतील त्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. आपल्या पश्चात पत्नीला पेन्शन मिळते, आणि २५ वर्षे वयापर्यंत दोन मुलांनाही मिळते, ते वेगळेच.

याउलट आज १०-सी भरलात तर सुमारे एक लाख चाळीस हजार रुपये हातात येतील, आणि नऊ वर्षांची सेवा पुसली जाईल. यात एक मेख आहे, जी अर्ज भरून देणारे सहसा सांगत नाहीत. १ सप्टेंबर २०१४ नंतर पेन्शन योजनेत नव्याने सभासद होणाऱ्याचे वेतन १५,००० रुपयांच्या आत असावे लागते. आपले वेतन १६,००० आहे. पैसे काढून घेतल्यावर पुढची नोकरी याच पगारावर मिळाली, तर आपण नवे सभासद ठराल आणि पेन्शन योजनेचे दार आपल्याला बंद होईल. जुने सभासदत्व टिकवले असेल तर मात्र पगार कितीही वाढला तरी आपण आतच राहता.

बातम्यांविषयी. १३ ऑक्टोबरच्या बैठकीत पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने आगाऊ रकमेच्या तेरा तरतुदी एकत्र करून आजारपण, शिक्षण व लग्न यांसारख्या अत्यावश्यक गरजा, घर, आणि विशेष परिस्थिती असे तीन गट करण्याचे ठरवले. सर्वांसाठी किमान सेवा बारा महिने, कंपनीच्या हिश्शातूनही रक्कम काढण्याची मुभा, आणि वर्गणीच्या २५ टक्के रक्कम खात्यात कायम शिल्लक, असे त्याचे स्वरूप आहे. नोकरी सुटल्यावर संपूर्ण पीएफ काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने, आणि पेन्शनचे पैसे काढण्याची मुदत दोन महिन्यांवरून छत्तीस महिने करण्याचेही ठरले आहे. हा निर्णय अमलात येईपर्यंत जुना नियम चालू राहतो, म्हणजे एक महिना बेरोजगार राहिल्यास ७५ टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेले. आपल्या बाबतीत दोन्ही नियमांनी ७५ टक्के, म्हणजे अडीच लाख, मिळू शकतात आणि आपली गरज दोन लाखांची आहे. तेव्हा नियम कोणता लागू होतो या काळजीत आपण पडू नये. फॉर्म ३१ मधून बेरोजगारीचे कारण निवडून हवी तेवढीच रक्कम मागावी आणि खाते चालू ठेवावे. त्यावर सध्या ८.२५ टक्के व्याज आहे, आणि नोकरी सुटली तरी वयाच्या ५८ पर्यंत ते मिळत राहते. फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या काळातले व्याज करपात्र असते. मूळ रक्कम काढताना कर लागणार नाही, कारण आपली सलग पाच वर्षांहून अधिक सेवा झाली आहे.

शेवटचा प्रश्न माझा. कंपनीने ग्रॅच्युइटी दिली का?

बंदरावरचा (४ नोव्हेंबर २०२५)

हिशेबनीस काकांच्या ज्ञानाविषयी पूर्ण आदर राखून थोडा वेगळा विचार मांडतो. मी दापोली तालुक्यातला असून काही वर्षे रसायन कारखान्यात आणि आता मासळीच्या व्यवसायात आहे.

काकांनी मांडलेला पेन्शनचा हिशेब उलटून पाहू. एक लाख चाळीस हजार रुपये १७ वर्षे ८.२५ टक्क्यांनी राहिले, तर त्यांचे सुमारे पाच लाख चाळीस हजार होतात. त्या रकमेवर त्याच दराने महिन्याला तीन हजार सातशेच्या आसपास व्याज येईल आणि मुद्दल शाबूत राहील. मग २,१४२ रुपयांच्या पेन्शनसाठी एवढा अट्टहास कशासाठी? शिवाय ही पेन्शन महागाईप्रमाणे वाढत नाही. किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार रुपये झाली ती आजही तेवढीच आहे, यावरूनच काय ते समजावे.

दुसरे असे की अडचणीच्या वेळी पीएफ काढणे म्हणजे काही गैर केले, असा सूर अशा चर्चांत नेहमी लागतो (या धाग्यात अजून लागलेला नाही, हे मान्य). आमच्याकडे पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि त्या दोन महिन्यांत घर चालवण्यासाठी महिना शेकडा तीन रुपये दराने उचल घेणारी माणसे मी रोज पाहतो. तो दर वर्षाला ३६ टक्के पडतो. स्वतःचा पैसा सव्वाआठ टक्क्यांवर ठेवून दुसऱ्याचा छत्तीस टक्क्यांनी आणायचा, हा व्यवहार कोणत्याही वहीत बसत नाही. पतसंस्थेचे थकलेले हप्तेदेखील याच न्यायाने आधी फेडावेत, कारण तिथे व्याजावर दंडव्याज चढत जाते आणि त्याचा भार जामीनदार झालेल्या शेजाऱ्यावरही येतो.

जुना हिशेबनीस (४ नोव्हेंबर २०२५)

बंदरावरचे दादा, आपले गणित अचूक आहे, आणि ते मी आधीच मांडायला हवे होते असे कोणी म्हटले तर मला ते मान्य आहे. पण त्यात एक अट गृहीत धरली आहे: ती रक्कम सतरा वर्षे कोणी मोडणार नाही. १०-सीचे पैसे पीएफ खात्यात परत ठेवता येत नाहीत. ते बचत खात्यात येतात. आईची शस्त्रक्रिया, मुलाचे शुल्क आणि पतसंस्था समोर असताना बचत खात्यात आलेले एक लाख चाळीस हजार सतरा वर्षे तिथे राहतील, असे मला वाटत नाही. कारखान्याच्या खिडकीत बसून मी असे शेकडो अर्ज पुढे पाठवले आहेत आणि त्यातून मुदत ठेव केल्याचे सांगायला आलेला माणूस आठवत नाही. शिवाय आपल्या हिशेबात पत्नीची पेन्शन धरलेली नाही. ज्याला रक्कम गुंतवायचीच आहे आणि ज्याची सेवा तीन-चार वर्षांचीच झाली आहे, त्याच्या बाबतीत मी आपल्या बाजूने मत देईन. दहा वर्षांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत देणार नाही.

सावकाराविषयी आपण लिहिले त्यातल्या अक्षराअक्षराशी सहमत.

बँकमित्र गुहागर (४ नोव्हेंबर २०२५)

मूळ प्रश्नाला जोडून एक छोटी सूचना. आपल्या किंवा वहिनींच्या नावे अटल पेन्शन योजनेचे खाते असल्यास पैशांची चणचण आहे म्हणून ते बंद करू नये. साठ वर्षांच्या आत स्वेच्छेने बाहेर पडल्यास आपण भरलेली रक्कम आणि तिच्यावरील निव्वळ उत्पन्न एवढेच परत मिळते. सुरुवातीच्या काळात ज्यांना शासनाचे अंशदान मिळाले, त्यांना ते व त्यावरील उत्पन्न सोडावे लागते. त्याऐवजी आर्थिक वर्षातून एकदा पेन्शनचा टप्पा कमी करता येतो, म्हणजे पाच हजारांच्या टप्प्यावरून दोन हजारांवर आल्यास हप्ता आपोआप कमी होतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना ही सोय माहीतच नसते आणि ते थेट खाते बंद करण्याचा अर्ज मागतात.

आणखी एक. पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी अवश्य करावी. नोकरी गेलेल्या विमाधारकाला सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के दराने जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत रक्कम देण्याची ती तरतूद आहे. आईंच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालय ठरवण्याआधी ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत आहे का आणि ही शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे. योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि शस्त्रक्रिया त्यात बसली तर आपल्या दोन लाखांतला सर्वांत मोठा आकडाच गळून पडेल.

वाशिष्ठीकाठ (६ नोव्हेंबर २०२५)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. १०-सी भरायचा नाही, एवढे नक्की केले आहे. आरोग्यमित्राला भेटलो असून कागदपत्रे दिली आहेत.

ग्रॅच्युइटी मिळालेली नाही. चौकशी केली असता कार्यालयातून असे सांगण्यात आले की ज्याने राजीनामा दिला त्याला ग्रॅच्युइटी लागू होत नाही. दुसरी अडचण पीएफच्या पोर्टलची. काल मुलाच्या मदतीने अर्ज भरायला बसलो, तेव्हा नोकरी सोडल्याची तारीखच कंपनीने नोंदवलेली नाही असे दिसले. शिवाय माझ्या आडनावातला 'व' आधारवर इंग्रजीत 'डब्ल्यू'ने आणि पीएफच्या नोंदीत 'व्ही'ने लिहिला गेला आहे. याच कारणाने मित्राचा अर्ज नुकताच नामंजूर झाला. चिपळूणचे ते गृहस्थ म्हणतात की मोबाइलवर येणारा ओटीपी त्यांना सांगितला तर ते सगळे करून देतील.

जुना हिशेबनीस (६ नोव्हेंबर २०२५)

ओटीपी कोणालाही सांगू नये. त्या एका आकड्यावर तुमचे बँक खाते बदलता येते आणि तुम्हाला नको असलेला १०-सीदेखील भरला जाऊ शकतो. टक्केवारीवर काम करणाऱ्याला तुमची रक्कम जितकी जास्त निघेल तितका लाभ असतो, हेही ध्यानात ठेवावे.

कार्यालयाने ग्रॅच्युइटीविषयी सांगितले ते धादांत खोटे आहे. सलग पाच वर्षे सेवा झालेल्या कामगाराने राजीनामा दिला तरी त्याला ग्रॅच्युइटी मिळते, तुमच्या राजीनाम्याच्या वेळी लागू असलेल्या ग्रॅच्युइटी प्रदान अधिनियम, १९७२ च्या कलम ४ मध्ये राजीनाम्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. शेवटचे वेतन गुणिले १५ भागिले २६ गुणिले ९ वर्षे, असा हिशेब केल्यास तुमचे ८३ हजार रुपयांहून अधिक येणे आहे. ते देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यावे लागते आणि उशीर झाल्यास त्यावर व्याज लागते. ग्रॅच्युइटीच्या मागणीचा फॉर्म आय भरून कंपनीला रजिस्टर पोस्टाने पाठवावा, पोचपावती जपून ठेवावी, आणि उत्तर न आल्यास या कायद्याखाली नेमलेल्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्यासाठी वकील लागतोच असे नाही. राजीनामे दबावाने घेतले गेले असतील तर कामगार कपातीची नुकसानभरपाई हा त्याहून मोठा मुद्दा आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन असा तो हक्क असतो, पण तो सिद्ध करावा लागेल, आणि त्यासाठी तुम्ही सर्व कामगारांनी एकत्र जावे. एकट्याने गेल्यास चकरा मारण्यातच चपला झिजतील.

नोकरी सोडल्याची तारीख शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाल्यानंतर सभासद स्वतः पोर्टलवर नोंदवू शकतो. 'मॅनेज' मध्ये 'मार्क एग्झिट' असा पर्याय आहे. तारीख जुलैमधलीच टाकावी, कारण ज्या महिन्याची वर्गणी शेवटची भरली गेली त्याच महिन्यातली तारीख तिथे घेतली जाते, आणि एकदा नोंदवलेली तारीख स्वतःला बदलता येत नाही. 'डब्ल्यू' आणि 'व्ही'चा प्रश्न थोडा वेळखाऊ आहे. १ ऑक्टोबर २०१७ नंतर यूएएन मिळालेल्यांना आधारशी जुळवलेली दुरुस्ती स्वतः करता येते. तुमचा यूएएन त्याआधीचा असल्याने संयुक्त घोषणापत्र ऑनलाइन भरून त्याला कंपनीची मान्यता घ्यावी लागेल. म्हणून आधी नावाची दुरुस्ती, आणि ती मंजूर झाल्यावर फॉर्म ३१, हा क्रम पाळावा. ग्रॅच्युइटीचे पत्र आणि नावाची विनंती एकाच दिवशी कंपनीकडे पाठवू नये, असा माझा व्यवहारी सल्ला आहे. आधी मान्यता पदरात पाडून घ्यावी.

कंपनीने टाळाटाळ केल्यास दर महिन्याच्या २७ तारखेला प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरते. तिथे आधार, पॅन, बँकेचे पासबुक, नेमणुकीचे पत्र, जुन्या पगारपावत्या आणि राजीनाम्याची प्रत घेऊन जावे. मित्रालाही बरोबर न्यावे. त्याच्या नामंजुरीचा संदेश मोबाइलमध्ये असेल तर तो पुसू नये, कारण तिथला कर्मचारी पहिल्यांदा त्यातले कारणच विचारतो.